गुंजभर काम

कोल्हापुरातला माणूस नव्या गावात गेला की आधी देऊळ बघतो, मग बाजार बघतो, आणि मग इथं मटण कुठं चांगलं मिळतं ते विचारतो. आमच्या घरात या क्रमात थोडाफार फरक पडतो, पण तिन्हींतलं काही सुटत नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघांनी बालीला जायचं ठरवलं तेव्हा धाकट्या भावानं यादी केली: समुद्रकिनारे, दरीवरचे झोके, फोटोंत छान दिसणारे कॅफे. आईनं ती यादी चष्मा लावून शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, "आणि बाजार कुठं हाय?"

निमित्त पप्पांच्या निवृत्तीचं होतं. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढल्यावर त्यांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते, महिन्यातले तीन आठवडे कोल्हापुरात घरी बसून. त्यामुळे तिकिटं, व्हिसा, हॉटेल हे खातं माझ्याकडं. रात्रीच्या बसनं बेंगळुरू, तिथून थेट देनपसार. व्हिसाचे माणशी पाच लाख रुपिया, शिवाय पर्यटक म्हणून वेगळे दीड लाख. आपल्या एका रुपयाला तेव्हा तिथले साधारण 188 रुपिया मिळायचे, म्हणजे पाच लाख म्हणजे पावणेतीन हजारांच्या आत, हे समजावून सांगेपर्यंत पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा गलुंगन नुकताच होऊन गेला होता. बालीतला हा मोठा सण. त्यांच्या एका पंचांगाचं वर्ष 210 दिवसांचं असतं, त्यामुळे गलुंगन कधी कधी इंग्रजी वर्षात दोनदा येतो. 2025 मध्ये तो एप्रिलमध्ये आला आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये. अधर्मावर धर्माचा विजय आणि पूर्वजांचं घरी येणं, असे दोन्ही अर्थ त्याला आहेत. प्रत्येक घरासमोर एक आख्खा उंच बांबू उभा, शेंडा रस्त्यावर झुकलेला, त्याला नारळाच्या पानांच्या झालरी, भाताच्या ओंब्या, फळं, कापड. त्याला पेंजोर म्हणतात. टॅक्सीतून बघताना आई म्हणाली, "आगं, गुढ्याच की. फक्त वाकलेल्या." पुढचे सहा दिवस आम्ही त्यांना गुढ्याच म्हणत होतो.

आमचा ड्रायव्हर चाळिशीचा, हसरा, थोडं इंग्रजी येणारा. तिथं मोठ्या भावाला 'ब्ली' म्हणतात, तेच आम्ही उचललं. मुलांची नावं जन्माच्या क्रमानं ठेवायची पद्धत त्यानंच सांगितली. पहिला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा क्तुत. पाचवा झाला की पुन्हा वायान. पप्पा म्हणाले, "म्हणजे बाजारात 'वायान' म्हणून हाक मारली की अर्धा बाजार वळून बघत असंल."

*

देनपसारकडून उबुडला जाताना एकामागून एक गावं लागतात, आणि प्रत्येक गावाचं काम ठरलेलं. बातुबुलानमध्ये दगड कोरतात. चेलुकमध्ये चांदी. सुकावतीत मोठा कलाबाजार. बातुआनमध्ये चित्रं. मासमध्ये लाकूडकाम. मग उबुड. कोल्हापूरच्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. चपलेसाठी चप्पल लाईन, सोन्यासाठी गुजरी, कापडासाठी इचलकरंजी, चांदीसाठी हुपरी, असं आपलंही चालतंच.

सुकावतीच्या बाजारात आईनं बटिकच्या दुकानासमोर बैठक मारली. दुकानदारीणबाईंनी तीन कापडं पुढ्यात टाकली. तिन्हींवर जवळपास सारखीच नक्षी, हातात घेतली तर वजनही सारखंच. किमती मात्र जमीन-अस्मानाच्या. आईनं विचारायच्या आधी कापडं उलटी केली. पैठणी घेताना ती हेच करते. हातमागावरच्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. इथंही तोच नियम निघाला. छापील कापड मागून फिकट होतं. दुसरं तांब्याच्या ठशानं मेण लावून केलेलं. तिसऱ्यावर बारीक नळीच्या हत्यारानं, थेंब थेंब मेण सोडत, एकेक रेघ हातानं ओढलेली. युनेस्कोनं 2009 साली इंडोनेशियाच्या बटिकला मानवी वारशाच्या यादीत घेतलं.

आईनं तिसरं घेतलं नाही, ते आमच्या बजेटबाहेरचं होतं. पण तिनं ते बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि मला विचारलं, "हिला विचार की, हे करायला दिवस किती लागले." बाईंनी उत्तर दिलं, तीन आठवडे. हे त्यांना पाठ होतं. दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या आधी दिवस सांगायच्या आणि मग किंमत.

ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात राहिली नाही. ती राहिली दुसऱ्या दिवशी, चेलुकमध्ये.

*

चेलुकला जायचा हट्ट आईचाच. तिचं माहेर रेंदाळ, म्हणजे हुपरीच्या शेजारचं. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या हुपरीला 'चंदेरी नगरी' म्हणतात. तुमच्या घरात चांदीचे पैंजण असतील तर ते हुपरीच्या पंचक्रोशीतून आलेले असण्याची शक्यता बरीच आहे. पण दुकानात त्यावर हुपरी असं काही लिहिलेलं नसतं, म्हणून कुणाला ते माहीत नसतं.

बालीत धातूचं काम परंपरेनं पांडे नावाच्या कुळांचं. आडनाव ऐकून पप्पा चमकले, पण तिथं 'पांडे' म्हणजे धातूकाम करणारा, लोहार किंवा सोनार. चेलुकमधली काही पांडे घराणी पूर्वी देवळासाठी, पूजेसाठी, राजघराण्यांसाठी वस्तू घडवायची. 1969 मध्ये बालीत आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, पर्यटक यायला लागले आणि हळूहळू आख्खं गाव चांदीत उतरलं. त्यांच्याकडं तुंपेक लांडेप नावाचा एक दिवस असतो, दर 210 दिवसांनी. त्या दिवशी धातूच्या हत्यारांची पूजा. आता लोक मोटारी, स्कूटर, लॅपटॉपही पूजतात. आपली खंडेनवमीच. पप्पांच्या डेपोत त्या दिवशी गाड्यांना हार असायचे आणि मी लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहते, हे ब्लीला सांगितल्यावर त्यानं गाडीचा हॉर्न वाजवला.

चेलुकच्या मुख्य रस्त्यावर मोठी वातानुकूलित दुकानं आहेत. बसभर पर्यटक तिथं उतरतात आणि त्यांना घेऊन येणाऱ्याला कमिशन मिळतं. ब्लीनं ते स्वतःहून सांगितलं आणि आम्हाला मागच्या गल्लीत नेलं. एका घराच्या पडवीत लाकडाचे ओंडके, त्यात ठोकलेल्या छोट्या ऐरणी, समोर बसायला ठोकळे. दोन-अडीच तासांचा वर्ग, स्वतःची अंगठी स्वतः करायची, पाच ग्रॅम चांदी धरून माणशी साडेतीन लाख रुपिया. म्हणजे साधारण 1,860 रुपये. आमच्याशिवाय एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं.

माझ्या डोक्यात लगेच गणित सुरू झालं. तेव्हा आपल्याकडं चांदी किलोला दीड लाखाच्या पुढं गेली होती. पाच ग्रॅमचे साडेसातशे-आठशे धरले, तर उरलेले हजारभर रुपये कशाचे? चांदीचे नव्हेत. ते उस्तादाच्या दोन-अडीच तासांचे होते. चांदीच्या किमतीपेक्षा वेळेची किंमत जास्त, आणि ती देताना ऑस्ट्रेलियन जोडप्याच्या किंवा आमच्या मनात काही आलं नाही.

उस्ताद साठीकडं झुकलेले. त्यांनी पायानं दाबायच्या भात्यावर पेट्रोलची ज्योत पेटवली. पप्पा पाच मिनिटं त्या भात्याकडंच बघत होते. मग उस्तादांनी चांदीच्या तारेचे तिळाएवढे तुकडे करून कोळशावर ठेवले. ज्योत लागताच प्रत्येक तुकडा थरथरला आणि आपोआप गोल मणी झाला. हे चेलुकचं खास काम. असे बारीक मणी पृष्ठावर ओळीनं बसवून नक्षी तयार करतात. "रवा," आई माझ्या कानात म्हणाली.

मणी चिकटवायला उस्तादांनी एक वाटी पुढं घेतली. वाटीत लाल बिया. प्रत्येकीला एक काळा डोळा.

"गुंज!" आई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की ऑस्ट्रेलियन बाईंच्या हातातला चिमटा पडला.

गुंजच होती. तिथं तिला पिलिंग-पिलिंग म्हणतात. दगडावर पाण्याबरोबर उगाळली की तिचा चिकट लेप होतो, त्यानं मणी जागेवर धरून ठेवायचा आणि मग झाळायचा. आपल्या जुन्या सोनारांनाही ही युक्ती ठाऊक होती. ते टाकणखाराबरोबर गुंज उगाळायचे. पण आपल्याकडं गुंजेची खरी ओळख वजन म्हणून. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे 96 गुंजांचा तोळा. एकच बी. तिथं वाटीत उगाळली जात होती, इथं काट्याच्या पारड्यात पडायची. थोड्या वेळानं दागिना धुवायला रिठा आला, तेव्हा आई नुसती हसली.

पुढं जे झालं ते मी मोबाईलवर शूट केलं आहे. उस्ताद आईला छल्ले एकमेकांत कसे अडकवायचे ते दाखवायला बसले. आईनं चिमटा घेतला, डाव्या अंगठ्याच्या नखावर छल्ला टेकवला आणि एक, दोन, तीन, चार करत साखळी ओढत सुटली. बोलणं चालू, नजर भलतीकडं, बोटं आपली चालूच. उस्ताद थांबले. त्यांनी आतून बायकोला बोलावलं. दोघं बघत राहिले. मग त्यांनी ब्लीला काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, किती वर्षांचं काम आहे?"

"सातवीपासनं लग्नापर्यंत," आई म्हणाली. "धा-अकरा वर्षं."

उस्ताद मान हलवत म्हणाले, "तुकांग पेराक." ब्लीनं अर्थ सांगितला: चांदीची कारागीर.

आई पन्नाशी ओलांडलेली आहे. तिच्या माहेरच्या घरात तिनं, तिच्या दोन बहिणींनी आणि आजीनं किती किलो चांदीला हात लावला असेल त्याचा हिशेब नाही. पण त्या कामाला तिथं नाव नव्हतं. "जेवण झाल्यावर जरा कामाला बसायचो," इतकंच ती सांगायची. कारागीर म्हणजे मामा, भट्टीसमोर बसणारे. घुंगरू जोडणाऱ्या बायका म्हणजे बायका.

मग आईनं तिचा प्रश्न विचारला, खास रेंदाळचा. "ह्यास्नी विचार, मजुरी वजनावर का नगावर?"

उत्तर आलं: परदेशी ऑर्डर असेल तर नगावर. नक्षी जितकी बारीक, मणी जितके जास्त, तितका दर जास्त. वर्ग घेतले तर दिवसाचे ठरलेले पैसे. उस्तादांनी गोड चित्र मात्र रंगवलं नाही. चांदी महागल्यानं ऑर्डरी कमी झाल्यात, ओतीव माल स्वस्तात येतो, आणि थोरला मुलगा जहाजावर नोकरीला गेलाय, तो ऐरणीवर बसणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आईला हे सगळं ओळखीचं वाटलं. तिला नवीन होतं ते एकच. ती मला म्हणाली, "बारीक कामाला जास्त पैसे. आमच्याकडं उलटं हाय."

*

उलटं म्हणजे कसं, ते हुपरीची पद्धत सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तिथं चांदी कारागिराची नसते. व्यापाऱ्याकडून ती येते. मधले लोक, ज्यांना धडी उत्पादक म्हणतात, ती वेगवेगळ्या घरांत कामाला देतात आणि तयार माल गावोगावच्या सराफांना पुरवतात. पैंजणाचा एक जोड पुरा होईपर्यंत अनेक दारं फिरतो. कुठं आटणी होते, कुठं तार ओढली जाते, कुठं छल्ले पडतात, कुठं जोडणी, कुठं झाळणं, कुठं घुंगरू, कुठं पॉलिश. हुपरीपासून रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली, अगदी सीमेपलीकडं कर्नाटकातल्या मांगूरपर्यंत ही दारं पसरलेली आहेत. प्रत्येक दारात एक काटा. माल घेताना वजन, देताना वजन. मधे किती चांदी झिजून, उडून जाणार, ती 'घट' आधीच ठरलेली. घट जास्त आली तर ती मजुरीतून जाते. आणि मजुरी ठरते किलोवर.

या पद्धतीला दोष देणं सोपं आहे, पण तिच्यात शहाणपण आहे. एवढा महाग धातू इतक्या हातांतून फिरणार, मालक दहा गावं लांब बसलेला. भरवसा ठेवायचा कशावर? काट्यावर. काटा दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो. या भरवशावर, बहुतेक व्यवहार तोंडी असताना, हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. वजन मोजता येतं, वेळ मोजायला कुणी दारात बसत नाही.

अडचण इथंच आहे. नाजूक काम हलकं असतं. जितकी तार बारीक, तितका वेळ जास्त आणि वजन कमी. म्हणजे ज्या कामाला डोळे जास्त जातात तेच काट्यावर कमी भरतं. नाजूक नक्षीला किलोचा दर वाढवून देतात, पण तो पुरतो का, हे घरात कुणी कधी मोजलं नव्हतं. बायकांचा वेळ तर कुणीच मोजत नव्हतं, कारण तो 'रिकामा' वेळ होता.

माझ्या धंद्यातही एके काळी असा काटा होता. सॉफ्टवेअरचं काम किती झालं हे कोडच्या हजार-हजार ओळींत मोजायचे. मग लक्षात आलं की चांगला प्रोग्रॅमर तेच काम कमी ओळींत करतो, म्हणजे तो काट्यावर हलका भरतो. आज मी दर शुक्रवारी टाइमशीट भरते. अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे अमेरिकेतला क्लायंट देतो. मीटिंगमध्ये नुसती बसले असले तरी देतो. मी आणि माझी मामी, दोघीही घरात बसून लांबच्या मालकासाठी काम करतो. माझा वेळ विकला जातो, तिचं वजन. आमच्या उत्पन्नातल्या फरकाची कारणं बरीच आहेत, शिक्षण आहे, डॉलर आहे. पण त्यातलं एक कारण मोजमापाचं आहे, आणि त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

*

वजन आणि वेळ यांखेरीज किमतीचं तिसरं माप आहे, ते म्हणजे नाव. त्याची आठवण चेलुकच्या त्याच पडवीत झाली, कारण पप्पांच्या पायात कोल्हापुरी होती. नोव्हेंबर म्हणजे बालीत पावसाची सुरुवात. कोल्हापुरी पावसात घालू नये हे पप्पांना सांगून उपयोग नव्हता. वर्ग संपल्यावर ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी चपलेकडं बोट दाखवून विचारलं, "प्राडा?" पप्पांनी ताठ होऊन सांगितलं, "कोल्हापूर."

घटना तुम्हाला आठवत असेल. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी दिसली, आणि कोल्हापूरचा उल्लेख कुठंच नव्हता. इकडं गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं, आणि ही रचना भारतीय पारंपरिक चपलेवरून स्फुरली असल्याचं प्राडानं मान्य केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. आम्ही बालीहून परतल्यावर, डिसेंबरमध्ये, प्राडाचा महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळाशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून 2,000 जोड, किंमत जोडाला सुमारे 800 युरो. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर.

गंमत अशी की कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. पण मानांकन नावाला संरक्षण देतं, आकाराला नाही. दुसऱ्यानं 'कोल्हापुरी' म्हणून विकलं तर त्याला अडवता येतं. नावच न घेता तशीच चप्पल विकली तर कायदा जवळपास हात वर करतो.

ही फक्त आपली गोष्ट नाही. 2008 साली बालीत एका परदेशी माणसानं उभ्या केलेल्या दागिन्यांच्या कंपनीनं एका बालीच्याच चांदी कारागिरावर नक्षी चोरल्याचा खटला भरला. नक्षी कंपनीच्या नावावर नोंदलेली होती. कारागिराचं म्हणणं, ही आमच्याकडं पहिल्यापासून आहे. पुढच्या वर्षी कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. आजीच्या दागिन्यावरची नक्षी कागदावर कुणाची, हा प्रश्न चेलुकमध्ये आपल्या आधी पोचला होता.

वजनावर विकलं तर चांदीची किंमत मिळते. वेळेवर विकलं तर हाताची. नावावर विकलं तर किंमत कुठवर जाईल सांगता येत नाही, पण ती ज्याचं नाव आहे त्याच्याकडं जाते. पैंजणावर आजवर ना मामीचं नाव आहे, ना गावाचं.

*

परत आल्यावर आई पहिल्याच रविवारी रेंदाळला गेली. सोबत मी, फोनमध्ये चेलुकचा व्हिडिओ आणि आईच्या बोटात तिनं केलेली रवा बसवलेली अंगठी. मामानं अंगठी काट्यावर ठेवली, ही तिथली सवय. पाच ग्रॅमही भरली नाही. मग त्यानं भिंग काढलं आणि मणी मोजायला लागला.

मामाचा मुलगा डिप्लोमा करतोय. पुढच्या वर्षी तो पुण्याला जाणार की भट्टीवर बसणार, हा त्या घरातला सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्यावर जेवताना कुणी बोलत नाही. चांदीचा भाव वर्षभर चढत राहिला, डिसेंबरात किलोला दोन लाखांच्या वर गेला. गिऱ्हाईक हलका माल मागायला लागलं. हलका माल म्हणजे नाजूक तार. म्हणजे वेळ जास्त, वजन कमी. राजकोट, आग्रा, सेलमचा यंत्रावरचा माल तर आहेच.

मी मामीला एकच गोष्ट सांगितली. कामाला बसलीस की फोनवर घड्याळ चालू कर, उठलीस की बंद. मामी म्हणाली, "मी काय धावायच्या शर्यतीत हाय व्हय?" पण तिनं केलं. आठ दिवस, भाकरी-भाजी, पाहुणे, लाईट जाणं या सगळ्यातनं वेळ काढून.

आकडे एका घराचे आहेत, एका आठवड्याचे. त्यावरून साऱ्या हुपरीबद्दल काही सिद्ध होत नाही. पण आमच्यापुरते ते असे. नाजूक नक्षीला किलोचा दर जाड नक्षीच्या दुप्पट. वजन निम्म्याहून कमी. वेळ अडीच पट. म्हणजे जाड कामाच्या तासाला मामीला 100 रुपये मिळत असतील, तर नाजूक कामाच्या तासाला 40 सुद्धा नाहीत. मामानं हिशेब दोनदा तपासला. मग मामीकडं बघून म्हणाला, "एवढा वेळ बसतीस तू?"

त्या प्रश्नानं फार काही बदललं असं नाही. मामानं नेहमीच्या व्यापाऱ्याकडं नाजूक नक्षीचा दर जोडावर मागितला. तो म्हणाला, काटा सोडून बोलायचं नाही. त्याचंही चूक नाही; त्याला पुढं सराफाला वजनावरच द्यायचं असतं. पुण्यातल्या एका छोट्या दुकानानं मात्र नमुन्याला चार जोड मागवलेत, नगावर. त्यासोबत किती तास लागले ते लिहून पाठवा म्हणालेत, गिऱ्हाइकाला सांगायला. सुकावतीच्या बटिकवाल्या बाई आधी दिवस सांगायच्या, मग किंमत, ते मला तेव्हा कळलं.

चार जोडांवर घर चालत नाही, आणि मामेभावाचा निर्णय त्यावर होणार नाही. तो जाईलही पुण्याला. पण सध्या संध्याकाळी तो आईच्या शेजारी बसून घड्याळ चालू-बंद करतो, कारण चिमटा हातात असताना तिला फोनला हात लावता येत नाही. मी त्यांना साधं शीट करून दिलंय. तारीख, नक्षी, वजन, वेळ, मजुरी, असे पाच रकाने. मोठं ॲप वगैरे काही नाही. मामीनं परवा फोन करून सांगितलं की त्यात आणखी एक रकाना पाहिजे.

"कशाचा?" मी विचारलं.

"कुणी केलं त्याचा."